हिरव्यांना घरी सोडतात

मेलेल्यांना चहा आधी मिळतो, ही बातमी फुटली आणि माझ्या सरावाची पार वाट लागली.

हसू नका. मी डॉक्टर आहे, आणि इतर डॉक्टरांना, नर्सना आपत्तीसाठी तयार करणं हे माझं काम. छत कोसळलं, बस उलटली, कारखान्यात वायू सुटला आणि एकाच वेळी दारात माणसांचा ढीग येऊन पडला, तर आधी कोणाला हात लावायचा आणि कोणाला नाही, हे मी शिकवते. पुस्तक वाचून ते येत नाही. म्हणून आम्ही खोटी आपत्ती घडवतो. रुग्णालयाच्या मागे जुनं धुलाईघर आहे. पूर्वी सगळ्या वॉर्डांच्या चादरी तिथे धुतल्या जायच्या. आता यंत्रं काढून नेलीत, पण जमिनीतल्या पन्हळी आणि भिंतीतले जाडजूड नळ तसेच आहेत, आणि कितीही वारा खेळला तरी साबणसोड्याचा वास जात नाही. तिथे खुर्च्या उलथ्यापालथ्या टाकायच्या, पत्रे पसरायचे, धूर सोडायचा आणि स्वयंसेवकांना खोट्या जखमा रंगवून मधे झोपवायचं. मग शिकाऊ मंडळी आत धावतात, एकेकाला बघतात आणि मनगटाला रंगीत पट्टी बांधतात. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता उचला. पिवळी म्हणजे थोडा दम धरेल. हिरवी म्हणजे किरकोळ, स्वतःच्या पायांनी बाहेरच्या बसमध्ये जाऊन बसेल, मलमपट्टी करून घरी सोडायचं. आणि काळी म्हणजे संपलं. काळीवाल्याला जागेवरच ठेवायचं आणि पुढे जायचं.

तर या काळीवाल्यांना नुसतं पडून राहायचं असतं. मला एकदा दया आली आणि मी म्हटलं, बिचाऱ्यांना चहा तरी आधी द्या. झालं! पुढच्या वेळेपासून ज्याला त्याला मरायची घाई. "मॅडम, मला मेलेला करा ना, माझी कंबर धरलीय." "मॅडम, मागच्या वेळी मी जिवंत होतो, आता माझी पाळी." हिशेब विभागातला एक जण तर उशी घेऊन आला होता. आणि आमचे अधीक्षक! त्यांना आपत्तीचंही उद्घाटन करायचं असतं. दाराला फीत लावून, ती कापून, मग छत कोसळणार. मी कपाळावर हात मारून घेतला, पण फीत आणून दिली.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावरच आहे. खोटा रुग्ण खरं तर धडधाकट असतो. त्याची नाडी बघायला गेलं तर ती मस्त चालू असणार. म्हणून आम्ही प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड अडकवतो. श्वास किती, नाडी कशी, शुद्ध आहे की नाही, सगळं त्यावर. शिकाऊंनी ते वाचायचं आणि पट्टी ठरवायची. तरी दर वेळी कोणीतरी शहाणा मनगट धरून बसतो आणि मेलेल्याला लाल पट्टी बांधतो. म्हणून माझं एक वाक्य ठरलेलं आहे. भोंग्यातून ओरडून ओरडून माझा घसा बसला, पण वाक्य बदललं नाही. कार्ड बघा, माणूस बघू नका.

या वर्षी शिकाऊंमध्ये माझी भाची होती. उंचीला जेमतेम, म्हणून आम्ही तिला टिल्ली म्हणतो. तोंडाने मात्र चांगली हातभर. आपत्कालीन विभागात ती तात्पुरती नर्स होती आणि हे प्रशिक्षण पार पडलं तरच नोकरी पक्की होणार होती. तीन संधी, नाहीतर घरी. माझी धाकटी बहीण एकटीने तिला वाढवून दमली होती. आता कुठे घर टिल्लीच्या जिवावर चाललं होतं. त्यात मी परीक्षक. म्हणजे पास केलं तर जग बोलणार, नापास केलं तर बहीण. मला हे नको होतं, मी अधीक्षकांना तसं सांगितलंही होतं. ते म्हणाले, "तुमच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे," म्हणजे त्यांना दुसरं माणूस शोधायचा कंटाळा आला होता.

पहिल्या सरावाला मी स्वयंसेवकांवर खेकसत होते, तेवढ्यात मागून कोणीतरी शांतपणे विचारलं, "मी कुठे पडू?"

वळून बघितलं. पन्नाशीचा गृहस्थ. फिकट निळा सदरा, लांब बाह्या, दोन्ही मनगटांवर बटणं लावलेली. त्या उकाड्यात आम्ही सगळे निथळत होतो आणि हा नुकताच इस्त्री होऊन आल्यासारखा कोरडा. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मरायचा हट्ट न करता, कुठे पडू असं विचारणारा पहिला माणूस भेटला होता. मी त्याला हिरव्याचं कार्ड दिलं. कपाळाला खोक, बाकी ठणठणीत.

जखमा रंगवायला आमच्याकडे नाटकाची रंगभूषा करणारी एक बाई येते. तिला आम्ही रंगवाली म्हणतो. ती कपाळावर मेण थापून त्यात खोक कोरते. थोड्या वेळाने तिचा वैतागलेला आवाज आला. "काका, जरा उन्हात उभे राहून या हो. मेण धरतच नाहीये."

"मेणाला काय झालं?" मी विचारलं.

"अंगाच्या उबेने चिकटतं ते, मॅडम. यांच्या कपाळावरून आख्खं निसटतंय, फरशीवरून निसटावं तसं."

गृहस्थ मुकाट्याने उन्हात जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने आले, तरी मेण धरेना. शेवटी तिने नुसता लाल रंग फासला. मला त्या वेळी असल्या गोष्टीत लक्ष घालायला फुरसत कुठे होती? धुराचं यंत्र बंद पडलं होतं.

शिट्टी वाजली. शिकाऊ आत आले. टिल्लीने पहिल्याच रुग्णाचं मनगट धरलं. "कार्ड बघा!" मी भोंग्यातून ओरडले. तिने दुसऱ्याचंही धरलं. वॉर्डातली सवय, बोटं आपोआप जातात तिची. मग ती त्या निळ्या सदऱ्याशी आली, बाहीचं बटण काढलं, बोटं ठेवली आणि तिथेच थबकली. मग तिने गळ्याशी बोटं नेली. मग वाकून कान त्याच्या तोंडाशी. बाकीचे पुढे निघून गेले तरी ही तिथेच. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत तिने त्याला काळी पट्टी बांधली.

चालत्याबोलत्या माणसाला काळी! आमच्याकडे याहून मोठी चूक नाही. दुसरं काहीही चुकलं तर गुण कापतो, हे केलं की सरळ नापास.

"टिल्ले, डोळे फुटले का तुझे?" मी भोंगा तोंडाजवळ आहे हे विसरून ओरडले. सगळं धुलाईघर हसलं.

"मॅडम, त्यांना नाडी नाहीये," ती म्हणाली. सगळ्यांसमोर ती मला मॅडमच म्हणायची.

"कार्डावर काय लिहिलंय?"

"कार्डावर आहे. त्यांना नाहीये."

मी तिला बाहेर काढलं. सराव संपला, लोक चहाकडे पळाले. गृहस्थ मात्र पडूनच. मी म्हटलं, "उठा हो काका, झालं." ते डोळे उघडे ठेवून वरच्या पत्र्याकडे बघत होते.

"पट्टी काळी आहे ना," ते म्हणाले. "काळीवाल्याने उठायचं नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं."

नियम पाळणारा माणूस मिळाला तर तो असा! मी वाकून गाठ सोडली, तेव्हा कुठे ते उठले. काळी पट्टी माझ्या हातून घेतली, नीट घडी केली आणि परत माझ्याच तळहातावर ठेवली. "ही राहू द्या तुमच्याकडे." कोणीतरी त्यांना चहा दिला. बराच वेळ ते कप धरून उभे होते. चहावर जाड साय आली होती.

ते कोणाचे, असं मी स्वयंसेवक पाठवणाऱ्या महाविद्यालयाच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, अग्निशामक दलाने आणले असतील. अग्निशामक दलवाला म्हणाला, मला वाटलं तुमचेच. आमच्यात हे असंच चालतं, म्हणून मी काही ताणलं नाही. सगळे त्यांना पाहुणे म्हणायला लागले, तेच नाव पडलं.

त्या संध्याकाळी बहिणीचा फोन. "ताई, सख्ख्या भाचीला नापास केलंस? एवढं काय अडलं होतं गं तुझं?"

"तिने जिवंत माणसाला मेलेला ठरवला, मी काय तिची आरती करू? दे तिला फोन."

टिल्लीला मी समजावलं. काही जणांची मनगटाची नाडी लागत नाही, शीर खोल असते, गडबडीत आपलीच बोटं बधिर होतात. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मावशी, ते श्वास फक्त बोलायच्या वेळी घेतात."

"म्हणजे?"

"म्हणजे बोलायचं असलं की हवा आत घेतात. नाहीतर नाही."

"झोप आता," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मला खरोखर चीड आली होती. असली खुळं मी वॉर्डात खपवून घेत नाही, घरात तर मुळीच नाही.

दुसऱ्या सरावाला मी पहारेकऱ्याला बजावलं होतं, ओळखपत्र नसेल त्याला आत सोडायचं नाही. आत गेले तर पाहुणे आधीच हजर, खुर्च्या उलट्या मांडत होते. पहारेकरी शपथ घेऊन सांगायला लागला की त्याने कोणाला सोडलं नाही. आता याच्याशी वाद घालू की वायुगळती सुरू करू? मी पाहुण्यांच्या गळ्यात पिवळ्याचं कार्ड अडकवलं.

त्यांनी ते उलटसुलट बघितलं. "पिवळी? हिरवी नाही का जमणार?"

"काका, हा भाजीबाजार आहे का?"

"नाही, नाही. पिवळी तर पिवळी," ते म्हणाले आणि जाऊन पडले.

या वेळी टिल्ली सुरुवातीला छान चालली होती. कार्ड बघ, पट्टी बांध, पुढे. माझा जीव भांड्यात पडत होता. मग ती त्यांच्यापाशी आली. कार्ड वाचलं. पिवळी पट्टी काढली सुद्धा. आणि मग तिची बोटं गेलीच. ती तशीच बसून राहिली, आणि मी दुरून बघत होते, तिने पिवळी परत खिशात ठेवली आणि काळी काढली.

तळपायाची आग मस्तकात गेली माझी. मी भोंगा टाकला आणि पत्रे तुडवत तिथे गेले.

"तूच बघ," टिल्ली म्हणाली. मॅडम वगैरे विसरली होती. "मावशी, तूच बघ ना एकदा. मी चुकत असेन तर मी स्वतःहून जाते."

मी खाली बसले आणि त्यांच्या मनगटाकडे हात केला. त्यांनी हात हळूच बाजूला घेतला.

"कार्डावर आहे की सगळं, मॅडम," ते म्हणाले.

सगळे शिकाऊ माझ्याकडे बघत होते. भोंग्यातून रोज ओरडणारी मी, माझाच नियम मोडून त्या माणसाचा हात ओढणार होते का? मी हात मागे घेतला. पण नजर काही मागे घेता येईना. त्यांच्या खिशाला पेन लावलेलं होतं. मी त्या पेनाकडे बघत राहिले. ते हलत नव्हतं. माझा स्वतःचा श्वास आत गेला, बाहेर आला, परत गेला, परत आला. पेन तसंच. धुरामुळे दिसत नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग एकदम सदरा वर उचलला गेला, पेन हललं, आणि त्यानंतर शब्द आले.

"मुलगी हुशार आहे तुमची. पण तिच्यामुळे माझं राहून जातं."

"काय राहून जातं?"

"हिरव्यांना घरी सोडतात ना?"

"इथे सगळ्यांनाच घरी सोडतात, काका. खोटं आहे हे सगळं. खेळ आहे."

"मला नाही सोडत," ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. बस चुकली असं सांगावं, तसं म्हणाले.

मी टिल्लीला नापास केलं. दुसऱ्यांदा. आणि गाठ सोडायला रंगवालीला पाठवलं, मी गेले नाही.

मधल्या दिवसांत बहिणीने फोन करणं बंद केलं. ती भांडायची ते बरं होतं. शेवटच्या सरावाच्या आदल्या दिवशी टिल्ली माझ्या खोलीत आली. तोंड एवढंसं झालेलं.

"मी त्यांना लांब टाकणार आहे, पार नळांपाशी," मी म्हटलं. "तुझ्या वाटणीचा पट्टा दाराकडचा. गाठच पडणार नाही. आणि पडलीच, तर डोळे झाकून कार्ड बघ. कोणाच्या मनगटाला हात लावलास तर याद राख."

"मावशी, पण खरी आपत्ती आली तर?"

"तर काय?"

"तेव्हा माणूस बघायचा की कार्ड?"

"खऱ्या वेळी कार्ड नसतं गं बाई!"

"मग हे काय शिकवतेस तू?"

अडचणीत सापडले की मी चिडते, तशी चिडले. माझी ती जुनीच पद्धत आहे. "तुझ्या आईचा विचार कर. एका पट्टीपायी घरी बसायचंय का तुला? एक हिरवी पट्टी बांधायची आहे फक्त. एका परक्या माणसाला. काय जातं तुझं?"

टिल्लीने स्वतःची बोटं चोळली. "बरं," ती म्हणाली.

सकाळी मी पाहुण्यांच्या गळ्यात माझ्या हाताने हिरव्याचं कार्ड अडकवलं. बोटं त्यांच्या मानेला लागू नयेत म्हणून दोरी लांबून टाकली, हेही सांगते. त्यांचे डोळे भरून आल्यासारखे वाटले. भरले नव्हते, पण तसे वाटले.

"उपकार झाले," ते म्हणाले.

मी त्यांना स्वतः नळांपाशी नेऊन निजवलं. अधीक्षकांनी फीत कापली. धूर सुटला. शिट्टी वाजली.

धूर विरळ झाला तेव्हा पाहुणे दारापाशी होते. टिल्लीच्या पट्ट्यात, अगदी मधोमध.

टिल्ली त्यांच्यासमोर उभी होती. इतर शिकाऊ तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेले. ती खाली बसली. बाहीचं बटण काढलं. बोटं ठेवली.

मग तिने मान वर करून मला शोधलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. लहानपणी इंजेक्शन द्यायची वेळ आली की ती असंच बघायची, मावशी वाचवेल म्हणून.

अधीक्षक माझ्या शेजारी उभे होते. मी माझ्याच छातीवर बोट ठेवलं, जिथे कार्ड असतं तिथे. दोनदा ठेवलं.

टिल्लीने हिरवी पट्टी बांधली.

गाठ पुरी व्हायच्या आत पाहुण्यांनी तिचं मनगट धरलं. आभार मानताना धरतात तसंच, पण सोडलं नाही लवकर. काहीतरी बोलले. टिल्लीने मान हलवली. मग ते उठले, कपडे झटकले आणि सगळ्या हिरव्यांबरोबर बसकडे चालायला लागले.

टिल्ली उठली. तिने उरलेले सगळे रुग्ण संपवले. कार्ड, पट्टी. कार्ड, पट्टी. एकाही मनगटाला तिने पुन्हा बोट लावलं नाही. इतका सफाईदार सराव मी आजवर बघितला नव्हता. अधीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी जोरात टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात रंगवाली धावत आली. हाताला चिकट मेण.

"मॅडम, पाहुण्यांच्या कपाळाचं मेण निघेना हो. सकाळी कसंबसं टेकवलं होतं, आणि आता तर पार वितळून चिकटलंय. घाम किती आलाय त्यांना!"

मी बाहेर आले. बस सुरू झाली होती. खिडकीशी पाहुणे बसले होते, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, सदरा पाठीला चिकटलेला. त्यांनी चहाचा मोठा घोट घेतला, जीभ पोळली, आणि ते हसले. इतके हसले की शेजारचाही हसायला लागला. मी बघतेय हे त्यांना दिसलं. त्यांनी पट्टीचा हात वर केला.

बस गेली. ते परत कधी आले नाहीत.

पुढच्या रविवारी बहिणीने जेवायला बोलावलं. दार उघडताच गळ्यात पडली. "ताई, मी काय काय बोलले गं तुला! तू नसतीस तर या पोरीचं काय झालं असतं?"

टिल्ली खिडकीपाशी बसली होती. गळ्यात आपत्कालीन विभागाचं नवं कोरं ओळखपत्र, फोटोखाली कायम असा शिक्का.

"घरात सुद्धा काढत नाही बाई," बहीण कौतुकाने म्हणाली. "आणि वॉर्डात तर इतकं नाव झालंय! न दमता दोन-दोन पाळ्या करते. तू बस, मी भात बघून येते."

पंखा गरगरत होता तरी माझी मान घामेजली होती. टिल्लीने लांब बाह्यांचा सदरा घातला होता. मनगटांवर बटणं. तिच्या हातात चहाचा कप होता. त्यावर साय आली होती, कडेला सुरकुतलेली.

"कशी आहेस गं?" मी विचारलं.

तिचे खांदे वर उचलले गेले. मग शब्द आले. "छान."

मी तिच्याजवळ सरकले. कप तिच्या हातातून काढून खाली ठेवला आणि बाहीचं बटण काढायला लागले. ती माझ्याकडे बघत होती, लाडाने, जरा चेष्टेने.

"मावशी, कार्डावर आहे की सगळं."

मी बोटं ठेवली. जागा बदलली. पुन्हा ठेवली. दुसरा हात धरला. मग गळ्याशी नेली, कानाच्या खाली, जिथे लहानपणी गुदगुल्या केल्या की ती खिदळायची.

बहीण पदराला हात पुसत दारात आली.

"काय गं ताई, ताप आहे का तिला?"

बहिणीचा चेहरा किती दिवसांनी असा मोकळा दिसत होता.

"नाही," मी म्हणाले. "ताप नाही."

"मग ठीक," म्हणून ती आत गेली.

टिल्लीने बाही खाली ओढून बटण पुन्हा लावलं. खालचा कप उचलून दोन्ही हातांत धरला. मग तिने श्वास घेतला.

"मावशी," ती म्हणाली, "पुढचा सराव कधी आहे?"